शाळा हलवायची म्हणजे काय काय हलवायचं

१९८० साली अण्णा हजारे अहमदनगर जिल्हा परिषदेसमोर उपोषणाला बसले होते. लोकपाल वगैरे फार पुढची गोष्ट. राळेगणसिद्धीच्या लोकांनी गावात हायस्कूल सुरू करायचं ठरवलं होतं आणि त्याला मान्यता मिळत नव्हती, एवढाच प्रश्न होता. मान्यता मिळाली. पुढे इतर ठिकाणी नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांना घेणारी शाळा म्हणून तिचं नाव झालं.

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्त कार्यालयाचं एक पत्र राज्यातल्या इतर जिल्ह्यांबरोबर याही जिल्ह्यात आलं. त्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची मुलं जवळच्या एका ‘समूह शाळे’त आणण्याचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ हे कित्ते म्हणून समोर ठेवले होते. गदारोळ झाला, तेव्हा ‘शाळा बंद करायच्या नाहीत, समूह करायचे आहेत’ असा खुलासा आला. सहा वर्षांपूर्वी, २०१७ च्या डिसेंबरात, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत ‘समायोजित’ करायचं ठरलं होतं, तेव्हाही असाच खुलासा झाला होता. शब्द बदलत गेले. वाडीवरच्या पालकाला कळलं ते एकच, शाळा उचलणार.

या दोन टोकांच्या मध्ये जिल्ह्यात शाळेच्या जागेवरून जे वाद झाले, त्यांचा हा आढावा आहे. वाद दोन जातींचे दिसतात. एक वाडीवस्तीवरच्या लहान शाळांचा, दुसरा शहराच्या मध्यवस्तीतल्या जुन्या हायस्कुलांचा. सरकारी कागदावर ते वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात. मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात.

आधी लहान शाळा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा साडेतीन हजारांच्या आसपास. अकोले तालुक्यात घाटघरला पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसात मोजला जातो आणि जामखेड-पाथर्डीत टँकरची वाट बघतात. अशा जिल्ह्याला एकच फूटपट्टी लावायची, तर ती कुठेतरी चुकणारच. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरवलं. कागदावर हे सोपं आहे. पण रतनवाडी किंवा कुमशेतच्या बाजूला जुलैमध्ये एक किलोमीटर म्हणजे दोन ओढे आणि एक उतार असतो, आणि तो उतार सहा वर्षांच्या मुलाने दप्तर घेऊन चढायचा असतो. नकाशावरचं अंतर हवाई असतं, मुलाचं पायाचं.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यात प्रश्न आणखी वेगळा आहे. शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक द्यायचे हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे पट मोजायच्या दिवशी वर्ग भरलेला, नोव्हेंबरात अर्धा रिकामा, आणि मार्च-एप्रिलमध्ये मुलं कारखान्यावरून परतली की पुन्हा भरलेला. हंगामी वसतिगृहं काढून मुलांना गावातच आजीआजोबांजवळ ठेवायचा प्रयत्न होतो. त्याआधी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून पाहिल्या. एका उपायात मुलाला थांबवायचं, दुसऱ्यात शाळाच मुलामागे न्यायची. शाळेने जागा बदलण्यात गैर काही नाही, हे साखरशाळांनी दाखवून दिलं होतं. फक्त तिथे शाळा मुलाच्या दिशेने चालत गेली होती.

आता समूह शाळेची बाजू. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सात मुलं, चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजी प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेले की शाळेला कुलूप. खेळायला संघ होत नाही. प्रयोगाचं साहित्य नाही, भांडायला बरोबरीचं पोर नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळांचे समूह सुचवले होते आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तेच पुन्हा सांगितलं. मात्र या दोन्ही ठिकाणी समूह म्हणजे शाळा जागच्या जागी ठेवून शिक्षक, ग्रंथालय आणि साहित्य वाटून घेणं हा मुख्य अर्थ होता. आपल्याकडे अंमलबजावणीत त्याचा अर्थ ‘मुलांनी यावं’ असा झाला. शिवाय १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने लहान पटाच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवर गदा आली, तीही सहावी ते आठवीच्या वर्गांवर जास्त. शिक्षक काढून घेतला की शाळा बंद करण्याचं पत्र वेगळं काढावं लागत नाही. पालक आपणच दाखला मागायला येतात.

पालकांचीही एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. तीन किलोमीटरवरच्या समूह शाळेला विरोध करणाऱ्या गावातूनच रोज सकाळी पिवळी बस दहा-बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलं नेते. पट घटला तो काही आयुक्तांच्या पत्राने घटला नाही. तो आधी या बसने घटवला. गावातल्या ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांची मुलं बसमध्ये असतात. उरतात त्यांची मुलं ज्यांना बसचे पैसे परवडत नाहीत, आणि मग त्यांच्या शाळेसाठी ग्रामसभेत आवाज चढवायला कुणी राहत नाही. हा माझ्या मते या प्रश्नाचा सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे.

वाहतुकीचा भरवसा किती, हेही पाहून झालं आहे. मुलींना एसटीचा मोफत पास देणारी योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने १९९० च्या दशकापासून आहे आणि ती राज्यातल्या चांगल्या योजनांपैकी एक आहे. याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीचं नाव तिला शोभतं. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हा पास दप्तरात राहिला आणि मुलगी घरी. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, तोच हा काळ. समूह शाळेच्या प्रस्तावात ‘वाहतुकीची सोय करण्यात येईल’ हे एक वाक्य असतं. गाडी कुणाची, डिझेलचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, ती बंद पडली तर त्या दिवशी काय, हे त्याच वाक्यात मावत नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी २०२२ मध्ये याचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलं. वाडीवरची शाळा बंद करून लांबच्या शाळेत जा म्हटल्यावर ती बकऱ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. मागणी होती, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या. शाळा नसेल तर आम्ही बकऱ्या वळायला लागतो, एवढं सरळ गणित. अधिकाऱ्यांना इतकं नेमकं निवेदन क्वचितच मिळत असेल.

आता निंबोडी. तिच्याशिवाय या जिल्ह्यात शाळेच्या जागेबद्दल बोलताच येत नाही. २८ ऑगस्ट २०१७ ला नगर शहराला लागून असलेल्या निंबोडीतल्या जिल्हा परिषद शाळेची इमारत पावसात कोसळली आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. त्यानंतर जिल्हाभर धोकादायक खोल्यांची मोजणी सुरू झाली. मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, कुणाची ओसरी, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरले. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने शाळाखोल्यांसाठी निधी दिला. निर्लेखन हा शब्द तेव्हा पालकांनाही पाठ झाला. जुनी खोली वापरातून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत, तिथून बांधकाम विभागात, मग जिल्हा परिषदेत. तो मंजूर होईपर्यंत खोली पाडता येत नाही आणि पाडल्याशिवाय त्या जागी नवी बांधता येत नाही. पोरं या दोन्हींच्या मध्ये बसतात. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सरकारी शाळा कोसळून सात मुलं गेली, तेव्हा निंबोडी पुन्हा आठवली.

निंबोडीने स्थलांतराच्या वादाला एक अवघड बाजू दिली. ‘शाळा हलवू देणार नाही’ ही घोषणा काही वेळा मुलांना पडक्या भिंतीखाली ठेवते. तशा जागेतून मुलं हलवलीच पाहिजेत, त्याच दिवशी, चर्चा न करता. पण ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून हललेली शाळा वर्षानुवर्षं परतत नाही, असा लोकांचा अनुभव आहे. म्हणून धोका डोळ्यांनी दिसत असतानाही ते खोली सोडायला तयार नसतात. लोकांच्या या अविश्वासाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी निर्लेखनाची एखादी फाईल शेवटपर्यंत वाचून पाहावी.

आता नगर शहराकडे वळू. या शहराची शाळेशी ओळख जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून. सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींची शाळा चालवली. ती पाहून जोतीराव फुले पुण्यात मुलींची शाळा काढायला प्रवृत्त झाले, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण इथेच घेतलं. पुढे अहमदनगर एज्युकेशन सोसायटी, हिंद सेवा मंडळ, जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज, रयत यांच्या हायस्कुलांनी शहर आणि जिल्हा शिकवला. म्हणजे ज्याला आपण गावातलं हायस्कूल म्हणतो, ते इथे बहुधा सरकारी नाही. पगार सरकारचा, संस्था खाजगी, जागा ट्रस्टची किंवा कधीकाळी सरकारने दिलेली. म्हणूनच त्याच्या स्थलांतराचा निर्णय गावकऱ्यांपुढे येतच नाही. तो संस्थेच्या कार्यकारिणीत होतो.

दरम्यान शहर उत्तरेला सरकलं. सावेडी, पाईपलाईन रस्ता, भिस्तबाग, बोल्हेगाव आणि दक्षिणेला केडगाव इथे घरं गेली, आणि घरांमागे शाळा. वेशीच्या आत, माळीवाडा, कापड बाजार, चितळे रोडच्या भागात, दुकानांच्या दाटीत उरलेल्या शाळांचे पट घटले. संस्थाचालकाचा युक्तिवाद त्यातून तयार होतो. इथे मुलं कमी, रस्त्यावर गाड्या लावायला जागा नाही, मैदान नाही, तिकडे मोकळी जमीन आहे, शाळा तिकडे नेऊ. यात खोटं काही नाही. पण मध्यवस्तीतल्या शाळेत अजून कोण येतं ते पाहावं. बाजारात हमाली करणाऱ्यांची, भाजीवाल्यांची, सर्जेपुरा-तोफखान्यातल्या भाड्याच्या खोल्यांतली आणि आसपासच्या खेड्यांतून एसटीने माळीवाड्याला उतरणारी मुलं. मोटारीतून येणाऱ्या मुलाला सावेडी आणि कापड बाजार सारखेच. पायी येणाऱ्याचं तसं नाही.

आणि जागा. बाजारपेठेतली शाळेची जागा हा नगरसारख्या शहरात सोन्याचा तुकडा असतो. शाळा गेली की तिथे संकुल उभं राहणार, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि बैठकीत कुणी म्हणत नाही. कायद्यात अडसर आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण असेल तर ते बदलायला नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात ती जाहीर नोटीस येते. मुदत संपून गेल्यावर माजी विद्यार्थ्यांचा मोर्चा निघतो.

या शहरी प्रश्नाचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र आपल्याकडचं नाही, कोल्हापूरचं आहे. भवानी मंडपातलं मेन राजाराम हायस्कूल. अंबाबाईच्या देवळाला अगदी लागून, जिल्हा परिषदेची शाळा, गोपाळ कृष्ण गोखले ज्या राजाराम हायस्कुलात शिकले त्याची परंपरा सांगणारी. २०२२ च्या अखेरीला ही शाळा दुसरीकडे नेऊन त्या वास्तूचा उपयोग भाविक-पर्यटकांच्या सोयीसाठी करायचा विचार पुढे आला. त्या वेळी राज्याचे शालेय शिक्षणमंत्री आणि कोल्हापूरचे पालकमंत्री एकच होते, दीपक केसरकर. कोल्हापूर खवळलं. माजी विद्यार्थी, तालमींचे कार्यकर्ते, विरोधी पक्ष, सगळे एकत्र आले आणि शाळा भवानी मंडपातच राहिली.

कोल्हापूर जिंकलं कशामुळे? पटामुळे नव्हे, त्या शाळेचाही पट पूर्वीचा राहिलेला नाही. जिंकलं ते शाळेमागे आठवण सांगणारे हजारो लोक होते म्हणून. त्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेज भवानी मंडपातून बाहेर, सागरमाळावर गेलं, आणि आज त्याबद्दल कुणी दुःख करत नाही. कॉलेजला मोकळी, मोठी जागा मिळाली, विद्यार्थी तिथवर जाऊ शकत होते, आणि जुनी वास्तू शिक्षणातच राहिली. ही तीन गोष्टींची कसोटी मला कुठल्याही शासन निर्णयापेक्षा जास्त उपयोगी वाटते. अडचण एवढीच की अकोल्यातल्या ठाकरवाडीच्या शाळेला माजी विद्यार्थी संघ नसतो. तिथल्या पहिल्या पिढीने आत्ता कुठे सातवी गाठलेली असते.

बाहेरही हाच अनुभव आहे. राजस्थानने २०१४ मध्ये सतरा हजारांवर शाळा एकत्र केल्या आणि पुढे त्यांतल्या काही पुन्हा वेगळ्या कराव्या लागल्या. उत्तर प्रदेशाने २०२५ च्या जूनमध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जोड्या लावायला घेतल्या, वाद उच्च न्यायालयात गेला, आणि जुलै संपता संपता सरकारने एक किलोमीटरपेक्षा लांबची शाळा जोडणार नाही असं जाहीर केलं. अमेरिकेत शिकागो शहराने २०१३ मध्ये एकदम पन्नासच्या आसपास शाळा बंद केल्या. तिथल्या अभ्यासकांनी नंतर पाहिलं की मुलं बहुतेक बऱ्या दर्जाच्या शाळांत गेली, तरी हलवाहलवीच्या काळात त्यांचं शिकणं मागे पडलं. जपानमध्ये मुलंच कमी झाल्याने शाळा बंद पडतात. त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने निदान रिकाम्या इमारती कुणाला, कशासाठी द्यायच्या याची उघड यादी ठेवली. आपल्याकडे बंद शाळेच्या खोलीत कडबा आणि रोजगार हमीचं साहित्य सापडतं.

राजकारणाबद्दल थोडं, कारण या जिल्ह्यात ते टाळून शाळेवर लिहिणं म्हणजे ढोंग होईल. इथे साखर कारखाना आणि शिक्षण संस्था एकाच घरातून चालतात. प्रवरानगरला विखे, संगमनेरला थोरात, सोनईला गडाख, कोपरगावला काळे-कोल्हे. या घरांनी शिक्षण गावापर्यंत आणलं हे खरंच. १९५० च्या दशकात जिथे दहावी-अकरावीचं नाव नव्हतं, तिथे आज अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हायस्कूल कोणत्या गावाला मिळेल आणि कोणत्या गावातून निघेल, यात मतांचं गणित असतं. जिल्हा परिषदेची शाळा या घरांपैकी कुणाचीच नाही. तिच्यासाठी भांडायचं काम होतं जिल्हा परिषद सदस्याचं. आणि जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आले. समूह शाळांचं पत्र आलं तेव्हा सभागृहात उभं राहून ‘माझ्या गटातली शाळा का?’ असं विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. स्थायी समिती नव्हती, शिक्षण समिती नव्हती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या त्या याच कामासाठी, शाळा-दवाखाने-रस्ते कुठे असावेत हे जिल्ह्यानेच ठरवावं म्हणून.

उरते शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. कागदोपत्री ती प्रत्येक शाळेत आहे. पण समूह शाळेच्या प्रस्तावाला तिची संमती ठरावाच्या छापील मसुद्यावर सह्या घेऊन मिळवता येते. मुख्याध्यापकांना वरून आदेश असतो, आणि ज्या आईची सही घ्यायची ती खुरपणीला गेलेली असते.

माझा निष्कर्ष आहे तो असा. शाळा हलू नये असं मी म्हणणार नाही. निंबोडीनंतर तसं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण क्रम उलटा लागला आहे. आपल्याकडे आधी मुलं हलवतात, मग गाडीचं बघतात, मग खोल्यांचा निधी मागतात, आणि जुन्या जागेचा निर्णय शेवटी, कुणाच्या लक्षात नसताना होतो. नवी शाळा उभी राहावी, गाडी एक पूर्ण पावसाळा चालून दाखवावी, ग्रामसभेने मुलांच्या आईवडिलांसमोर ठराव करावा, रिकामी होणारी जागा अंगणवाडी, वाचनालय किंवा वसतिगृह अशा कामासाठीच राहील असं लिहून द्यावं, आणि त्यानंतरच पहिल्या मुलाचा दाखला निघावा. शहरातल्या हायस्कुलांनाही हेच लागू. ट्रस्टची मिळकत आहे म्हणून ती खाजगी होत नाही, तिच्या भिंती वर्गणीने उभ्या राहिल्या आहेत.

तोवर एक काम कुणालाही करता येण्यासारखं आहे. आपल्या वाडीच्या किंवा पेठेच्या शाळेचा ३० सप्टेंबरचा पट, इमारतीचा दाखला आणि जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, हे तीन कागद माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर अर्ज होतो, आणि शाळा हलवण्याचा विचार कुठे शिजत असेल तर तो याच तीन कागदांवर आधी दिसतो.